लेथ घरी न्यावं का? आमच्या हायब्रीडचा माझा अनुभव

जिंतूरच्या एका पोरीनं राजीनामा टाकला, तिथून हे सगळं सुरू झालं. डिझाईनमधली, कामाला एकदम चोख, घरून काम करायची, महिन्यातून एकदोनदा यायची. पगाराचं कारण असेल म्हणून मी फोन लावला तर म्हणाली, "मॅडम, मी तीन दिवस ज्या फिक्श्चरचं ड्रॉइंग करत बसले ना, ते कस्टमरनं सोमवारीच कॅन्सल केलं होतं. तुमच्याकडं टपरीवर सगळ्यांना माहीत होतं. मला गुरुवारी कळालं." भांडली असती तर परवडलं असतं, हसतहसत म्हणाली, ते जास्त लागलं.

मी छत्रपती संभाजीनगरला, वाळूज एमआयडीसीत एका जिग-फिक्श्चर (मशीनवर काम करताना वस्तू घट्ट धरून ठेवायची साधनं) बनवणाऱ्या कंपनीत एचआर बघते, एचआर म्हणजे पगारापासून कॅन्टीनच्या सिलिंडरपर्यंत सगळं आलं. साठ-पासष्ट माणसं. आमचं हायब्रीड, म्हणजे थोडं काम घरून, थोडं ऑफिसातून, काही कुणी विचार करून आणलेलं नाही. २०२० च्या मार्चमधे लॉकडाऊन लागला, डिझाईन आणि अकाउंटची पोरं कुणी लॅपटॉप तर कुणी अख्खा सीपीयू मोटरसायकलवर बांधून गावाकडं गेली, परभणी, लातूर, अंबाजोगाई, आणि सगळं उघडलं तरी निम्मी परत आलीच नाहीत. काम होतंय ना, राहू द्या, असंच चाललेलं.

साहेबांना मात्र कायम शंका की लोक घरी झोपायलेत. म्हणून त्यांनी एक सॉफ्टवेअर टाकून घेतलेलं, माऊस पाच मिनिटं हलला नाही की नावासमोर लाल ठिपका. त्याचं काय झालं ते सांगते. आमच्या एकीचं बाळ लहान, बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपल्यावर तिला घरून काम दिलेलं (बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीत तशी सोयच केलीय, काम घरून होण्यासारखं असेल तर दोघांच्या संमतीनं देता येतं). तर ह्या बाईनं माऊस पाळण्याच्या दोरीला बांधला. पाळणा हलतोय तोवर ठिपका हिरवागार! मला तिनंच सांगितलं, म्हणाली ठिपक्याच्या धाकानं बाळाला पाजायला उठायचीसुद्धा भीती वाटायची, खरं काम तर माझं रात्री दहानंतर होतं. आणि रेकॉर्डला कंपनीत सगळ्यात मेहनती कोण, तर तीच.

हे साहेबांना नाव न घेता सांगितलं, आणि सोबत एक अभ्यास दाखवला, चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम कंपनीतला, १६१२ माणसं, त्यातल्या काहींना आठवड्यात दोन दिवस घरून काम दिलं, तर नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशानं खाली आलं आणि कामात काही फरक नाही, २०२४ मधे 'नेचर' ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलाय. मॅनेजर लोकांना आधी वाटत होतं काम घटेल, नंतर त्यांचंच मत फिरलं. साहेब म्हणाले, "ते चीनचं झालं ओ, आपल्याकडं लाईट जाती त्याचं काय?" पण ठिपका बंद केला. आणि खरं सांगायचं तर लाईटीचं ते बरोबरच बोलले होते.

मग मी बाहेर असलेल्या सगळ्यांना एकेक करून फोन लावले, तीन आठवडे गेले त्यात. "काही प्रॉब्लेम आहे का" असं विचारलं की सगळे म्हणतात नाही मॅडम सगळं ओके. पाचसहा फोन वाया गेल्यावर अक्कल आली आणि मी विचारायला लागले, "काल काम कुठं अडलं?" मग धडाधड बाहेर यायला लागलं. लाईट गेली की लॅपटॉप दोन तास चालतो पण राऊटर मरतो, आणि आम्ही इकडं समजायचो की माणूस गायब आहे. राऊटरचा छोटा यूपीएस मिळतो, वहीएवढा, दीडएक हजाराला, तो सगळ्यांना पाठवला. सहा वर्षांत एवढं कुणाला सुचू नये? मलाही नव्हतं सुचलं.

त्याच्यापेक्षा अवघड होतं घर. लातूरची एकजण म्हणाली, "ताई, मी हेडफोन लावून बसले तरी सासूबाई दळणाचा डबा आणून ठेवतात, घरीच तर आहे म्हणून." घरात वेगळी खोली नाही. मला वाटलं लै भारी आयडिया सुचली, लातूरमधे गल्लोगल्ली अभ्यासिका, तिथली महिन्याची फी कंपनीनं भरायची. टेबल, पंखा, इन्व्हर्टर, शांतता. शांतता एवढी की पहिल्याच मीटिंगला तिला जिन्यात जाऊन बसावं लागलं, वर नीट-बिटची पोरं मुंडी खाली घालून, ही पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) सांगायली आणि येणारा-जाणारा ओलांडून जायला. शेवटी तिनंच तोड काढली, ओळखीतला एमएस-सीआयटीचा क्लास दुपारी रिकामा असतो, नेट आहे, बॅटरी बॅकअप आहे, बोललं तरी चालतं. आता दुपारी एक ते पाच ती तिथं बसते, भाडं आम्ही देतो, सकाळचं शांत काम घरी. परभणीतही दोघांना तसंच जमलं. अंबाजोगाईच्या पोराला नको होतं, त्याला फक्त खुर्ची पाहिजे होती, तो पलंगावर बसून काम करायचा आणि पाठीचा पट्टा लावायचा.

आता टपरीचं. मीटिंगमधे आम्ही सातजण टेबलाभोवती आणि घरचे चौघं मधल्या एका स्पीकरमधे, बाहेर कॉम्प्रेसर चालू, त्यांना काय घंटा ऐकू येणार. नियम केला, एक जरी माणूस बाहेर असला तरी सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून जॉईन व्हायचं. पहिल्या दिवशी एका खोलीत सात माईक चालू, असली शिट्टी वाजली की कॅन्टीनवाला पळत आला! एकाचाच माईक-स्पीकर चालू, बाकी म्यूट, हे कळायला दोन मीटिंगा गेल्या. पण तोंडं दिसायला लागली, घरच्यांनी हात वर केला तर आधी त्यांना बोलू द्यायचं हेही हळूहळू बसलं. आणि व्हॉट्सॲपवर 'टपरी' नावाचा ग्रुप काढला, चहावर कामाचं जे काही ठरलं ते कप ठेवायच्या आत तिथं टाकायचं, कुणीही, दोन ओळी. सुरुवातीला सगळे गुड मॉर्निंगच टाकायचे, ते मी डिलीट करायला लावायचे. आता बऱ्यापैकी चालतो, डिझाईनचे हेड सोडून. त्यांना अजून वाटतं की बोलून झालं म्हणजे सांगून झालं.

ऑफिसला यायचे दिवस आधी सोमवार आणि गुरुवार होते. परभणी-लातूरवाल्यांना दोन चकरा, सोमवारच्या यष्टीला उभं राहून यायचं, आणि इथं येऊन हेडफोन घालून पुन्हा कॉलवरच बसायचं. मग काय उपयोग यायचा? पंधरा दिवसातून एकदा मंगळवार-बुधवार जोडून केलं, एक मुक्काम, राहायचा खर्च कंपनीचा, आणि त्या दोन दिवसात ज्यांची ड्रॉइंगं आहेत त्यांनी खाली शॉपमधे, मशीन चालतात तिथं, जाऊन ते फिक्श्चर हातानं बघायचं. बुधवारी सकाळी सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा नाश्ता) आणि चहा. ह्यावर खर्च म्हणाल तर मुरमुऱ्याचा.

खाली शॉपमधे गेल्यावर खरी गंमत झाली. हे सगळं कौतुकानं सांगत होते तर आमचे जुने टर्नर (लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर, काम करणारे), त्यांना सगळे मामा म्हणतात, पुसायचं फडकं खांद्यावर टाकत म्हणाले, "मॅडम, मग आमी काय करावं? लेथ घरी न्यावं का?" सगळे हसले, मीही हसले, पण मामा हसले नाहीत. "हायब्रीड तुमचं चालू द्या. आमचा कुलर दोन उन्हाळे झाले नुसता गळायलाय." मे महिना, बाहेर ४२, वर डिझाईनला एसी. मी सहा महिने वरच्यांच्या खुर्च्या मोजत होते आणि खाली एकदाही विचारलं नव्हतं काल काम कुठं अडलं.

कुलर त्या आठवड्यात झाले. शिफ्टचा तक्ता आधी शनिवारी संध्याकाळी लागायचा, आता पंधरा दिवस आधी लागतो, आणि आपसात बदली करायची असेल तर सुपरवायझरला फक्त कळवायचं, अर्ज-बिर्ज नाही. मामांनी पहिली बदली नातीच्या गॅदरिंगसाठी घेतली. घरी बसून काम त्यांना मिळणार नाही, ते काय मलाही माहीत आहे आणि त्यांनाही.

एक गोष्ट मात्र अजून अडकलीय. ह्या एप्रिलला बढतीची यादी आली, पाच नावं, त्यातली चार रोज टपरीवर चहा पिणाऱ्यांची. पाळणावालीचं नाव नाही, लातूरचीचं नाही, आणि दोघींची ड्रॉइंगं शॉपमधून दुरुस्तीला सगळ्यात कमी परत येतात, हे मामासुद्धा सांगतील. मी वर्षभरात कुणाचं किती ड्रॉइंग परत आलं त्याचा कागद जोडून यादी साहेबांकडं परत पाठवलीय. आठ दिवस झाले, टेबलावरच आहे, त्यावर चहाचा एक गोल डागही पडलाय.