दिव्याचं बटण

इथे येऊन मी नेमकं काय शिकते, हे घरी फोनवर सांगताना दरवेळी पंचाईत होते. ‘अ‍ॅप बनवायला शिकतेय’ म्हटलं की सगळ्यांचं समाधान होतं, म्हणून तेच सांगते. पण मुलांना शिकवणारं अ‍ॅप बनवणं हा त्यातला सोपा भाग. त्यातून कोणी काही शिकलं का, हे कळणं महाकठीण.

पहिल्या सत्रात मी अपूर्णांकांचं एक छोटं अ‍ॅप केलं. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असले प्रश्न. बरोबर उत्तराला चांदणी. अडलं तर कोपऱ्यात दिव्याचं बटण: एकदा दाबलं की इशारा, दुसऱ्यांदा जरा मोठा इशारा, तिसऱ्यांदा थेट उत्तर. सादरीकरण झाल्यावर प्राध्यापिकेने एवढंच विचारलं, “हे बटण शिकण्याच्या कोणत्या कल्पनेवर उभं आहे?” मी म्हणाले, मुलांना आवडेल. ती पुढच्या विद्यार्थ्याकडे वळली.

मग वाचायला बसले. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५८ साली अध्यापन यंत्रांवर लिहिलं होतं: मजकुराच्या लहान लहान पायऱ्या करा, उत्तर दिल्या दिल्या बरोबर की चूक ते कळू द्या. म्हणजे माझं अ‍ॅप हे त्याचंच यंत्र, फक्त रंगीत. वर त्याच्या यंत्रात मुलाला उत्तर स्वतः तयार करावं लागायचं, माझ्यात समोरच्या पर्यायांतून एक निवडायचं. इतक्या वर्षांनी मी एक पायरी खालीच उतरले होते!

खरी फजिती मुलांसमोर झाली. त्यांना अ‍ॅप देऊन ‘मनात येईल ते बोलत सोडवा’ म्हणायचं आणि आपण गप्प बसायचं, अशी पद्धत. इथली भाषा अजून माझ्या तोंडात पटकन येत नाही, त्यामुळे मदत करायचा मोह झाला तरी वाक्य जुळेपर्यंत वेळ निघून जायची. त्यानेच वाचवलं. एक मुलगा प्रश्न न वाचताच दिवा दाबत होता. टक, टक, टक, उत्तर, चांदणी. नोंदींमध्ये त्याचे सगळे प्रश्न बरोबर! या प्रकाराला, म्हणजे न शिकता पळवाटेने उत्तर मिळवण्याला, संशोधक ‘गेमिंग द सिस्टिम’ म्हणतात. रायन बेकर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं होतं, की संगणकी शिकवणीत असं करणारी मुलं कमी शिकतात.

शेजारची मुलगी मात्र बोलत होती: “चार तिनापेक्षा मोठे, म्हणून एक चतुर्थांश मोठा.” हिला चांदणी मिळाली नाही, पण तिचं नेमकं कुठे अडलंय ते मला कळलं. पूर्णांकांचा नियम ती अपूर्णांकांना लावत होती.

दुसऱ्या खेपेला पर्याय काढून टाकले आणि संख्यारेषा आणली. एक चतुर्थांश कुठे येईल तिथे बोटाने खूण करायची. मग रेषेचे चार सारखे तुकडे होतात आणि आपली खूण कुठे चुकली ते डोळ्यांना दिसतं. दिवा ठेवला, पण एकदा प्रयत्न केल्यावरच पेटणारा.

लगेच चाचणी घेतली. गुण छान. मी खुशीत, तर प्राध्यापिका म्हणाली, आठवड्याने परत घे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग तिने आम्हाला आधीच शिकवला होता. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तेव्हा आठवणारे. मोजायचं कधी, यावर कोण जिंकलं ते ठरतं. मला हे पाठ होतं, तरी स्वतःच्या अ‍ॅपची वेळ आली तेव्हा पाच मिनिटांतच मोजून मोकळी झाले.

आठवड्याने गेले ती मुद्दाम कागद घेऊन. कोऱ्या रेषा, खुणा करायच्या. बरीच मुलं कामाला लागली. त्या टक-टकवाल्याने मात्र कागद उलटापालटा करून पाहिला आणि मला विचारलं, “यात दिवा कुठाय?”