झाड समोर असताना संगणकात काय शोधता?

‘वनस्पतींवर काम करता म्हणता आणि दिवसभर संगणकासमोर बसता. मग यात झाड कुठे आहे?’ हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, विद्यार्थी विचारतात आणि सूक्ष्मदर्शकावर काम करणारे सहकारीही विचारतात. सहकाऱ्यांच्या प्रश्नाला जरा जास्त धार असते. जिवंत पेशीतली प्रथिनं आज चमकती करून पाहता येतात, मग संगणकात त्यांचं मॉडेल बनवत बसायचं कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

वनस्पतीच्या पेशीला बाहेरून टणक भित्तिका असते, त्यामुळे आत आणखी सांगाडा कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण ती भित्तिका कोणत्या दिशेने विणली जाणार, हे आतला सांगाडाच ठरवतो. तो मुख्यतः ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू आणि ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिका यांचा बनलेला असतो. माझा जीव सूक्ष्मनलिकांत गुंतलेला, म्हणून ॲक्टिन इथे बाजूला ठेवते. अल्फा आणि बीटा ट्युब्युलिनची एक जोडी सुमारे ८ नॅनोमीटर लांब असते. अशा जोड्या एकापुढे एक लागून लड होते आणि साधारण १३ लडी मिळून २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी होते. वनस्पतीत या नळ्या पेशीपटलाला आतून चिकटून पसरलेल्या असतात. लेडबेटर आणि पोर्टर यांनी त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, ते १९६३ साल. भित्तिकेचे धागे म्हणजे सेल्युलोज, ते तयार करणारी प्रथिनं याच नळ्यांच्या वाटेने सरकतात, हे जिवंत पेशीत दिसलं २००६ मध्ये. पिंपाला ठोकलेल्या लोखंडी पट्ट्यांसारखे सेल्युलोजचे वेढे आडवे बसले, की पेशीला रुंदीत फुगता येत नाही आणि ती लांब होते. मूळ खोल जातं, खोड उंच वाढतं, त्यामागे हे आडवे वेढे आहेत.

आता मॉडेल कशाला, या प्रश्नाकडे येते. एका तणाचं उदाहरण घेऊ. ओरायझॅलिन, ट्रायफ्लुरॅलिन ही डायनायट्रोॲनिलिन गटातली तणनाशकं वनस्पतीच्या सूक्ष्मनलिका मोडून टाकतात, प्राण्यांच्या नलिकांना मात्र फारसं काही करत नाहीत. कोल्चिसिन या औषधाचं नेमकं उलट आहे, प्राण्यांच्या ट्युब्युलिनला ते घट्ट धरतं आणि वनस्पतींच्या ट्युब्युलिनवर त्याची पकड ढिली पडते. ट्युब्युलिन दोन्हीकडे पुष्कळसं सारखंच, तरी हा फरक! त्यातच नाचणीच्या जवळच्या नात्यातल्या एल्युसिनी इंडिका या तणाचे काही वाण या तणनाशकांना दाद देईनासे झाले. १९९८ मध्ये त्याचं कारण प्रसिद्ध झालं. अल्फा ट्युब्युलिनमध्ये २३९ व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्युसिन आलं होतं. साडेचारशेच्या आसपास अमिनो आम्लांच्या साखळीत एकच बदल.

सूक्ष्मदर्शक इथपर्यंत नेतो. नळ्या मोडल्या की टिकल्या, हे तो उत्तम दाखवतो. पण त्या का टिकल्या? तणनाशक जिथे बसतं ती खोबणच बदलली, की खोबण होती तशीच राहून नळीची बांधणी अधिक घट्ट झाली? २३९ वी जागा लडीतल्या एका जोडीचा पुढच्या जोडीशी सांधा जुळतो त्याच्या जवळ येते, म्हणून दुसरी शक्यता झटकून टाकता येत नाही. आणि हे पाहायचं तर अणूंच्या पातळीवर उतरावंच लागतं.

ट्युब्युलिनच्या जोडीची रचना नोगालेस, वुल्फ आणि डाउनिंग यांनी १९९८ मध्येच मांडली, पण ती प्राण्याच्या मेंदूतल्या ट्युब्युलिनची होती. त्या साच्यावर वनस्पतीच्या ट्युब्युलिनची साखळी बसवून त्रिमितीय मॉडेल करता येतं. त्यावर तणनाशकाचा रेणू कुठे आणि कसा बसेल हे तपासणं म्हणजे डॉकिंग. मग सगळं पाण्याच्या रेणूंत बुडवायचं आणि प्रत्येक अणूवरचं बल काढत तो पुढच्या क्षणी कुठे असेल हे मोजत जायचं. हा क्षण साधारण २ फेम्टोसेकंदांचा असतो; फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग. एका मायक्रोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची, हालचाल पाहायला अशा ५० कोटी पायऱ्या लागतात.

रेणू किती घट्ट बसेल याचा डॉकिंगमधून निघणारा आकडा म्हणजे पुरावा, असं मी मुळीच मानत नाही. वेगवेगळ्या गटांच्या मॉडेलांनी तणनाशकासाठी वेगवेगळ्या खोबणी सुचवल्या आहेत. काहींना हा या पद्धतीचा पराभव वाटतो. मला वाटत नाही, कारण प्रत्येक मॉडेल काही ठरावीक अमिनो आम्लांकडे बोट दाखवतं. ती बदलून रोप तणनाशकात वाढवून पाहा, म्हणजे कोणतं मॉडेल टिकतं ते कळेल. मॉडेल नसेल तर साडेचारशे जागांपैकी सुरुवात कुठून करणार?

अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाच्या आकाराचा अंदाज बांधणारी अल्फाफोल्ड ही संगणक प्रणाली २०२१ मध्ये खुली झाल्यापासून प्रथिनाचा आकार मिळवणं कितीतरी सोपं झालं. अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपात अल्फा ट्युब्युलिनची ६ आणि बीटाची ९ जनुकं आहेत. त्या सगळ्यांचे आकार आता शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. पण ट्युब्युलिनच्या टोकाला एक लवचीक शेपूट असते. तिला ठरलेला आकार नाही, आणि सूक्ष्मनलिकांना येऊन चिकटणारी कित्येक प्रथिनं नेमकी तिथेच धरतात. तिथे स्थिर चित्र कामाला येत नाही, हालचालच मोजावी लागते.

दुसऱ्या प्रकारच्या मॉडेलमध्ये आम्ही अणू पूर्ण विसरतो. नळी म्हणजे पृष्ठभागावरची एक रेघ. ती वाढते आणि अचानक कोसळू लागते, हा गुण मिचिसन आणि किर्श्नर यांनी १९८४ मध्ये दाखवला. सपुष्प वनस्पतींच्या पेशीत प्राण्यांच्या पेशीत नळ्यांची मांडणी करणारं सेंट्रोसोम असतं, तसं केंद्र नसतं, मग त्या रांगेत येतात कशा? राम दीक्षित आणि रिचर्ड सर (Cyr) यांनी २००४ मध्ये त्यांच्या टकरी पाहिल्या. सुमारे ४० अंशांपेक्षा कमी कोनात गाठ पडली तर नळी वळून दुसरीला समांतर जाते, जास्त कोनात आदळली तर कोसळते किंवा ओलांडून जाते. एवढेच नियम संगणकाला दिले, तरी अस्ताव्यस्त रेघा आपोआप समांतर होतात. पहिल्यांदा हे पडद्यावर घडताना पाहिलं तेव्हा मी जागेवरून उठू शकले नव्हते.

पण समांतर होणं वेगळं आणि आडवं होणं वेगळं. साध्या मॉडेलमध्ये रांग कोणत्याही दिशेला लागते. पेशीत मात्र ती वाढीच्या दिशेला आडवी लागते. म्हणजे टकरींखेरीज आणखी काही हवं. पेशीच्या कडांवर नळ्या कोसळणं, भित्तिकेतला ताण, असे उमेदवार आहेत. आणखी एक अडचण आहे. वनस्पतीत नव्या नळ्या बहुधा जुन्या नळ्यांच्या अंगावरच उगवतात. हा नियम संगणकात सरळसोट घातला, तर सगळ्या नळ्या एकाच पट्ट्यात गर्दी करतात आणि बाकी पृष्ठभाग ओस पडतो. खऱ्या पेशीत तसं होत नाही. त्यामुळे नळी उगवण्याचा क्षण पुन्हा बारकाईने पाहणं भाग पडलं. मॉडेल आणि रोप यांचं जिथे जमत नाही, तिथे मला सर्वात जास्त शिकायला मिळतं.

झाड कुठे आहे, हे विचारलंत ना? वाढीचा वेग, कोसळण्याची वारंवारता, टकरीचा कोन, हे आकडे रोपांतूनच येतात. २३९ व्या जागी बदल झाला तर नळी किती काळ टिकेल, हे अणूंच्या मॉडेलमधून काढून रेघांच्या मॉडेलमध्ये नेता यावं, अशी माझी धडपड आहे. मधला काळाचा पल्ला मायक्रोसेकंदांपासून मिनिटांपर्यंतचा आहे, आणि सध्या तरी तो आकडा मला सूक्ष्मदर्शकावरच्या सहकाऱ्यांकडूनच घ्यावा लागतो.