पाणी शेवटी कोणत्या वस्तीला येते?

गावच्या कारभाऱ्यांशी विकासाविषयी बोलायला बसले की सुरुवातीचा बराच वेळ यादी ऐकण्यात जातो. सिमेंटचा रस्ता, पेव्हर ब्लॉक, सभामंडप, हायमास्टचा दिवा, शाळेची संरक्षक भिंत, आणि यांतले कोणते काम कोणत्या निधीतून व कोणाच्या शिफारशीने झाले, हे सारे सरपंचांना तोंडपाठ असते. यादीत खोटे काही नसते. कामे डोळ्यांसमोर उभी असतात. बीड जिल्ह्यात ग्रामपंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणाचे काम करताना अशा गप्पांना मी पुष्कळदा बसले आहे, आणि त्यांतून माझे एक मत पक्के होत गेले आहे. समतेविषयी सरळ प्रश्न विचारला की "आमच्या गावात जातपात काही नाही, सगळे गुण्यागोविंदाने राहतात" हे ठरलेले उत्तर मिळते आणि संभाषण तिथेच संपते. कारभारातला एखादा बारीक तपशील विचारला, म्हणजे पाणी शेवटी कोणत्या वस्तीला येते, डिजिटल सहीचे डोंगल कोणाच्या खिशात असते, ग्रामसभा भरते तेव्हा गावातले कोण गावात नसतात, असे काही विचारले, की मात्र समोरचा माणूस जरा सावरून बसतो आणि खरे बोलणे सुरू होते.

पाण्याचेच घेऊ. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली आणि ग्रामीण भागातल्या प्रत्येक घराला नळाने माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचे ठरले. आमच्याकडच्या बहुतेक गावांत घरोघर तोट्या बसल्याही. पण योजनेचा आराखडा कागदावर एकसारखा असला तरी पाइप टाकायला टाकीपासून सुरुवात होते. टाकी जुन्या गावठाणाच्या उंचवट्यावर असते, आणि गावठाणातून मुख्य गल्लीने निघालेली पाइपलाइन ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत पोहोचते तेव्हा ती शेवटचीच असते. एका सरपंचांना मी विचारले, "पाणी सगळ्यात शेवटी कुणाकडे येतं?" त्यांना आठवावे लागले नाही. "मातंग वस्तीत आणि तिच्या पुढं वडार वस्तीत. चढाला आहेत ना त्या," ते म्हणाले. पाणी सोडणारा कर्मचारी दारातच उभा होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "चढ कुठला आबा, उतारच हाय की. मधल्या गल्लीत मोटारी लागत्यात."

यावर सरपंच हसले, आणि नंतर त्यांनी जे सांगितले ते मला कोणत्याही अहवालात वाचायला मिळाले नसते. आठवड्यातून एकदा पाणी सुटते. पाणी सुटले की मुख्य गल्लीतल्या घरांत नळाला थेट विजेची मोटार जोडली जाते आणि लाइनमधला दाब तिथेच संपतो. अशी मोटार काढून घ्यावी, नळजोडणी तोडावी, असा ठराव ग्रामपंचायतीने केलेला होता. "पण मोटार काढायला निघालो तर पहिली माझ्या चुलत्याची निघंल," ते म्हणाले. भावकी दुखावून निवडणूक लढवता येत नाही, आणि शेवटच्या वस्तीतली मते दुसऱ्या प्रभागात मोजली जातात. इतका स्वच्छ हिशेब त्यांनी मांडला याचे मला बरेच वाटले. निदान प्रश्न उताराचा नाही हे तरी मान्य झाले.

त्याच बैठकीत एका सदस्याने नेहमीची तक्रार केली की वस्तीतले लोक पाणीपट्टी भरत नाहीत, मग पाणी कशाला मागतात. ग्रामसेवकांनी नमुना ९ ची, म्हणजे करमागणीची, नोंदवही उघडली. थकबाकी सगळ्याच गल्ल्यांत होती आणि सर्वांत मोठे आकडे मुख्य गल्लीतल्या वाडेवाल्या घरांपुढे होते. (पदाचे नाव आता ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात आणि मीही इथे तेच म्हणते.) सगळीकडे असेच चित्र असेल असा माझा दावा नाही. परंतु नोंदवही समोर असताना बोलण्याचा सूर बदलतो, एवढे मी नक्की सांगू शकते.

निधीच्या बाबतीत नियमांची वाण नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. हा खर्च बहुधा मार्च महिन्यात आठवतो, आणि घाईघाईने प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सतरंज्या किंवा स्पीकरचा संच घेऊन वस्तीच्या समाजमंदिरात ठेवला जातो. खुर्च्या नकोत असे कोणी म्हणत नाही. पण ज्या वस्तीत गटार उघडे आहे तिथल्या लोकांना आधी विचारले असते तर त्यांनी खुर्च्या मागितल्या नसत्या.

डोंगलचा प्रश्न मी महिला सरपंचांना विचारते. महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी ३० टक्के जागा १९९० मध्येच राखल्या, १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि २०११ पासून आपल्याकडे हे आरक्षण ५० टक्के झाले. म्हणजे ज्यांची आजी पंचायतीची सदस्य होती अशा मुली आज मतदार आहेत. दुसरीकडे वित्त आयोगाच्या निधीतून पैसे द्यायचे तर आता सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सह्या लागतात, आणि ती सही पेन ड्राइव्हसारख्या एका डोंगलमध्ये असते. पूर्वी धनादेशावर सही घ्यायला निदान सरपंचबाईंच्या घरी जावे लागे, चहा घ्यावा लागे, आणि हे कशाचे पैसे आहेत याचे दोन शब्दांत का होईना उत्तर द्यावे लागे. आता तेही लागत नाही. "डोंगल ऑपरेटरकडं असतंय, अन् ओटीपी ह्यांच्या मोबाइलवर येतोय," असे एका सरपंचताईंनी मला अगदी सहज सांगितले. गावातल्या अंगणवाडीत कोणती मुले येत नाहीत आणि का येत नाहीत, हे त्याच ताईंनी घरागणिक सांगितले होते, त्यामुळे त्यांना कारभार कळत नाही असे म्हणण्याची सोय नव्हती. डोंगल स्वतःकडे ठेवा आणि खाते तुमच्याच मोबाइल क्रमांकाला जोडून घ्या, एवढे मी सुचवले. त्यांनी लगेच होकार दिला नाही. घरात विचारून सांगते म्हणाल्या.

महिला सरपंच म्हटले की 'रबरी शिक्का' म्हणून हसण्याची रीत आहे, आणि ती मला मनापासून खटकते. राखीव जागेवर निवडून आलेला अनुसूचित जातीचा पुरुष सरपंचही अनेकदा त्याच कोंडीत असतो. त्याच्या वतीने उपसरपंच बोलतो, त्याच्या खुर्चीशेजारी दुसराच माणूस ठाण मांडून बसतो, पण त्याच्यावर विनोद होत नाहीत, कारण त्या शेजारच्या माणसाला गावात मान असतो. सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. थेट निवडीमुळे राखीव जागेवरच्या सरपंचाला स्वतःची ताकद मिळते हे खरे आहे आणि मला ती पद्धत पसंत आहे. मात्र सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनेलचे अशी स्थिती आली की मासिक सभेत विषयच मंजूर होत नाहीत, आणि खोळंबते ते बहुधा शेवटच्या वस्तीचे काम. मुख्य रस्त्याच्या कामावर दोन्ही पॅनेलचे एकमत व्हायला वेळ लागत नाही.

आता ग्रामसभेकडे येते, कारण माझ्या मते बीडसारख्या जिल्ह्यात समतेचा सर्वांत मोठा प्रश्न इथे अडकला आहे आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमाखाली ग्रामपंचायतीने लोकांना विचारून वर्षाचा आराखडा करायचा असतो. त्यासाठीची लोकसहभागाची देशव्यापी मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते आणि पुढचे काही महिने, साधारण प्रजासत्ताक दिनाच्या आसपासपर्यंत, चालते. हाच काळ ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या, गाड्या येतात, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. धारूर, वडवणी, शिरूर कासार, केज या तालुक्यांतल्या काही वस्त्यांत डिसेंबरमध्ये गेले तर म्हातारी माणसे आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरेच भेटतात. म्हणजे ज्यांच्या घरी पाणी, घरकुल, रेशन, मुलांची शाळा यांतले प्रत्येक दुखणे आहे, त्यांना वगळूनच गावाचा आराखडा ठरतो, आणि यात कोणाचा कपटी हेतू असावाच लागत नाही. तारीखच तशी आहे.

हे मी जेव्हा कारभाऱ्यांपुढे मांडते तेव्हा ते नाकारत नाहीत. एक माजी मुकादम आता सरपंच आहेत; ते म्हणाले, "सहा महिने अर्धं गाव नसतंय. राहिलेल्यांत गणपूर्ती होती कुठं?" ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसते. पहिली सभा नावाला बोलवायची, तहकूब करायची आणि दुसरी मोजक्या माणसांत उरकायची, ही युक्ती सर्वांना ठाऊक आहे आणि ती नियमात बसते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे, पण तिथेही ऊसतोडीला गेलेल्या बायका नसतातच.

अशा वेळी कारभारी हमखास जलसंधारणासाठी नावाजलेल्या हिवरे बाजारचे नाव काढतात, कारण तिथला अभ्यास दौरा झालेला असतो. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले आणि त्या गावाने काय केले हे आता सर्वांना माहीत आहे. पण दौऱ्यावरून परतलेली मंडळी मला बंधारे, झाडे आणि स्वच्छ रस्ते यांचे वर्णन करून सांगतात. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस-केळी लावायची नाही, म्हणजे ज्याच्याकडे पैसा आणि जमीन जास्त आहे त्याने स्वतःच्या हातून काही सोडायचे, हा भाग दौऱ्याच्या गप्पांत येत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाविषयीही तसेच. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सर्वांना पाठ असते, पण तिथे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेतात, एकाचाही विरोध असेल तर थांबतात, हे सांगितले की आमचे कारभारी म्हणतात, "मग तर आमच्याकडं एकबी काम व्हायचं न्हाई."

त्या माजी मुकादम सरपंचांनी मात्र एक गोष्ट करून पाहिली. पोळ्याच्या सुमाराला, लोक गावात असताना, त्यांनी ऊसतोड कुटुंबांच्या वस्तीतच सभा बोलावली. कायद्याच्या भाषेत ती ग्रामसभा नव्हती, पण जे निघाले ते लिहून घेऊन पुढे रीतसर ग्रामसभेपुढे ठेवायचे असे ठरले. सभामंडपात न भरता चिंचेखाली भरल्यामुळे असेल, बायका पुढे येऊन बसल्या. पहिली मागणी ओळखपत्रांची निघाली. ऊसतोड कामगारांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्र देण्याचे काम शासनाने ग्रामसेवकांकडे सोपवले आहे, आणि पुष्कळांकडे ते नव्हते. ग्रामसेवकांनी तिथेच नावे घ्यायला सुरुवात केली. घरकुलांचीही चर्चा झाली; यादीत नाव आहे पण पाय टेकायला स्वतःची जागा नाही, असे काही जण होते, आणि जागा खरेदीसाठी एक लाख रुपयांपर्यंत अर्थसाहाय्य मिळते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. अर्थात तेवढ्या पैशांत रस्त्यालगत गुंठाभर जागा मिळते का, हा प्रश्न एका बाईने लगेच विचारला, आणि त्याला माझ्याकडेही उत्तर नव्हते.

शेवटची मागणी स्मशानभूमीच्या रस्त्याची होती. वस्तीची दहनभूमी वेगळी आहे, तिथे शेड नाही आणि पावसाळ्यात प्रेत खांद्यावर घेऊन चिखलातून, दुसऱ्याच्या शेतातून जावे लागते. शेतमालक पेरणी झाल्यावर अडवतो. सरपंचांनी ही मागणीही लिहून घेतली, आणि ती पुढे आराखड्यात आलीही. शेडसाठी निधी मिळेल असे दिसते. रस्त्यासाठी मात्र शेतमालकाची संमती लागते, तो सरपंचांच्याच पॅनेलचा आहे, आणि त्याच्याशी बोलायला ते अजून गेलेले नाहीत. एक वयस्कर सदस्य त्या सभेत म्हणाले होते की मुख्य गावाच्या स्मशानभूमीला डांबरी रस्ता आणि शेड दोन्ही आहे, तिथेच सगळ्यांनी जावे, म्हणजे जमीन मागायची वेळच येणार नाही. त्यावर कोणी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही, ग्रामसेवकांनी ते इतिवृत्तात लिहावे का असे सरपंचांना विचारले, आणि सरपंच म्हणाले, "लिहा. वाचून दाखवा ग्रामसभेत."