ढग येऊन जातात त्या दिवशी खर्रा जास्त खपतो

आमच्या कृषी केंद्राच्या बाजूला एक पानठेला आहे. मी सायकॉलॉजीत एमए केलं, अमरावतीला दोन वर्षं रूम करून राहिलो, पण टेन्शनबद्दलची सगळ्यात कामाची गोष्ट मला त्या ठेलेवाल्या भाऊनं सांगितली, तीही खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटता घोटता. म्हणे, "पाऊस पडला तं कोणी येत नाई, सारे वावरात. आभाळ कोरडं ठाक असलं तं दोन-चार जण येतेत, बसतेत, जातेत. पन आभाळ भरून आलं अन् पडलंच नाई, तं त्या दिवशी माह्याजवळचा तंबाखू पुरत नाई."

मी तेव्हा हसलो होतो. मग त्या जूनमध्ये काउंटरवर बसल्या बसल्या मुद्दाम लक्ष ठेवलं आणि खरंच तसंच होतं. मृग लागला, दोन दिवस बरा पडला, कृषी विभागवाले दरवर्षी ओरडून सांगतात की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका पण ओल दिसली की हात कोणाचा थांबते, निम्म्या गावानं पेरलं, आणि नंतर जो पाऊस गायब झाला तो झालाच. रोज दुपारी तीनच्या सुमारास ढग यायचे, गार वारा सुटायचा, बाया अंगणातले पापड उचलायच्या, आणि पाच वाजता सगळं साफ. ठेल्यावर तुडुंब गर्दी. कोणी काही बोलत नाही, नुसते खर्ऱ्याची पन्नी तळहातावर घासत बसतात.

विदर्भातल्या कास्तकाराच्या टेन्शनवर लिहायचं म्हटलं की बाहेरचे लोक सरळ शेवटच्या टोकाला जातात. मला त्याच्या अलीकडचं, रोजचं, दुपारी तीनवालं टेन्शन सांगायचं आहे, ज्याची बातमी होत नाही.

तर २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या लोकांनी एक प्रयोग छापला. ४५ जणांना कॉम्प्युटरवर गेम खेळायला लावला, स्क्रीनवर दगड दिसणार, दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं, आणि साप निघाला की हाताला करंटचा झटका, चांगला दुखेल असा. साप निघण्याची शक्यता ते अधूनमधून बदलत राहायचे, म्हणजे कधी नक्की निघणार, कधी जवळपास नाहीच, कधी फिफ्टी-फिफ्टी. हाताचा घाम मोजला, डोळ्याची बाहुली किती मोठी होते ते मोजलं, आणि वरून विचारलंही की बाबा किती टेन्शन आलं. सगळ्यात जास्त टेन्शन झटका नक्की बसणार तेव्हा नव्हतं. अर्धी-अर्धी शक्यता असतानाच होतं. झटका बसणारच हे माहीत असलेला माणूस, बसेल की नाही हे माहीत नसलेल्यापेक्षा शांत!

आपल्या ठेलेवाल्या भाऊनं हेच सांगितलं होतं, फक्त त्याच्याकडे साप नव्हते.

आणि यात तसं नवल काही नाही. आज एसटी येणारच नाही हे पक्कं कळलं की माणूस शिव्या देत का होईना पायी निघते, नाहीतर कोणाच्या गाडीवर लिफ्ट मागते. पण येईल की नाही हेच माहीत नसलं की ना धड बसणं ना धड निघणं, दर दोन मिनिटांनी रस्त्यावर जाऊन वाकून पाहणं. शरीर पळायच्या तयारीत आणि पाय स्टँडवरच. याच प्रयोगात अजून एक निघालं जे मला जास्त आवडलं, ज्यांचं टेन्शन या अनिश्चिततेप्रमाणं बरोबर वर-खाली होत होतं ते साप ओळखण्यातही जास्त हुशार निघाले. म्हणजे टेन्शन येणं हा काही डोक्याचा बिघाड नाही, डोकं हिशोब करून राहिलं आहे त्याचा तो आवाज आहे.

पण हिशोबात जागा जाते ना. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा २०१३ सालचा एक अभ्यास आहे, तेच शेतकरी, कापणीच्या आधी पैशाची चणचण असताना आणि कापणीनंतर हातात पैसा आल्यावर, दोन्ही वेळेस त्यांना कोडी सोडवायला दिली, तर आधीच्या वेळेस कोडी जास्त चुकली. माणूस तोच! मी हे काउंटरवर दर जूनला पाहतो. एरवी व्याजाचा हिशोब तोंडी करणारे काका पाचशेची नोट देऊन सुटे तसेच विसरून जातात.

आता इथपर्यंत सगळं टेन्शनचं झालं. पण मला खरा प्रश्न वेगळाच सतावत होता, की एवढं वाईट आहे तर लोक परत बियाण्याची बॅग घ्यायला का येतात? दुबार पेरणीची बॅग घेणारा माणूस मी जवळून पाहिलेला आहे (आणि खोटं कशाला बोलू, त्यावर आमचं दुकान चालते). त्याचा चेहरा नुसता मजबुरीचा नसतो. मजबुरी असतेच, वावर पडीत ठेवून खाणार काय. पण त्याच्यासोबत डोळ्यात एक चमक पण असते, आणि ती चमक मला आधी कळतच नव्हती.

ती मला माकडांच्या प्रयोगात सापडली. २००३ साली वोल्फ्राम शुल्त्झ या मेंदूशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या, म्हणजे बक्षिसाच्या ओढीशी जोडलेल्या रसायनाच्या, पेशींची हालचाल मोजली. स्क्रीनवर एक चित्र दिसलं की ज्यूस नक्की मिळणार, दुसऱ्या चित्राला कधीच नाही, तिसऱ्याला कधी मिळणार कधी नाही. चित्र दिसल्यापासून ज्यूसची वेळ होईपर्यंत त्या पेशींची हालचाल हळूहळू चढत जायची, आणि ती सगळ्यात जास्त चढायची तेव्हा जेव्हा शक्यता बरोबर अर्धी होती. नक्की मिळणार असलं किंवा मिळणारच नसलं, तर जवळपास काही नाही. जुगाराची ओढ इथूनच येत असावी अशी शंका त्यांनी स्वतःच मांडली होती.

आता माकड वेगळं, माणूस वेगळा, ज्यूस वेगळा आणि सोयाबीन तर फारच वेगळं, हे मला कळते. तरी मी हे दोन प्रयोग शेजारी-शेजारी ठेवले तेव्हा चमकलोच. म्हणजे झोप उडते तीही अर्ध्या शक्यतेत आणि माणूस सगळ्यात जास्त ओढला जाते तोही अर्ध्या शक्यतेतच. 'शेती म्हणजे जुगार' हे आपल्याकडे हजार वेळा बोललं जाते, पण ते नेहमी नुकसानीबद्दल बोलतात, ओढीबद्दल कोणी बोलत नाही. ढग आले की छातीत धडधड होते, ती भीती आहे की आशा हे त्या माणसाला विचारून पाहा. त्यालाही सांगता येणार नाही.

आमचे एक काका आहेत, नात्यातलेच. पेरणी झाल्यावर पावसानं दडी मारली की ते रोज सकाळी वावरात जातात. काम काहीच नसते, डवरायला पीक नाही, निंदायला तण नाही. धुऱ्यावरून चक्कर मारतात, बसतात, बोटानं माती उकरून कोंब पाहतात, परत झाकतात. काकू वैतागून म्हणते, "काय कोंबडीवानी अंडे उबवाले जाता का जी?" मलाही आधी ते येडेपणाच वाटायचा.

पण १९७० च्या आसपास ग्लास आणि सिंगर म्हणून दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. लोकांना कर्कश आवाजात बसवलं. काही जणांना एक बटण दिलं, सांगितलं की हे दाबलं तर आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही, आवाज सगळ्यांनी सारखाच ऐकला, तरी नंतरच्या कामात बटणवाले जास्त तग धरून राहिले. नुसतं हाताशी बटण आहे एवढ्यानं. काकांचं वावरातलं चक्कर मला तेव्हापासून ते बटण वाटते. भेंडवळची घटमांडणी पण मला तशीच वाटते, अक्षय्य तृतीयेला बुलढाण्याकडे वावरात घट मांडून भोवती धान्य ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या वेळी पाऊस-पाण्याचं भाकीत सांगतात. भाकीत खरं निघते म्हणून मी म्हणून नाही राहिलो, त्याला शास्त्राचा आधार नाही. पण वर्षातून एकदा कोणीतरी ठामपणे काहीतरी सांगते आणि गाव त्या दिवसापुरतं तरी अर्ध्यावरून हलते.

आणि याच्या बरोब्बर उलटं काम करते मोबाईलवरचं हवामान. सकाळी ४० टक्के, दुपारी ६०, चार वाजता परत ४५, पोट्टे दर दहा मिनिटांनी स्क्रीन खाली ओढून पाहतात. ते माणसाला फिफ्टी-फिफ्टीच्या आसपासच लटकवून ठेवते दिवसभर. पूर्वी रेडिओवर संध्याकाळी एकदा ऐकायचे आणि झोपायचे, चूक तर तेव्हाही निघायचं, पण दिवसातून एकदाच.

मागच्या आठवड्यात काका दुकानात आले. पहिली पेरणी करपली होती. म्हटलं काका, थोडं थांबा, पाऊस येऊ द्या मग घ्या. तर म्हणे, "पाऊस आल्यावर तुह्याजवळ बॅग राहीन का? अन् दोन पेरण्या एका साली जात नसतेत बाबू." दुसऱ्या पेरणीला पहिलीशी काही घेणं-देणं नसते हे मला कॉलेजात शिकवलं होतं, पण ते मी बोललो नाही. पैसे अर्धे होते, अर्धे उधारीत लिहिले. बॅग बाकड्याजवळ ठेवून ते बसले आणि दक्षिणेकडून चढणाऱ्या ढगाकडे पाहत राहिले. गिऱ्हाईक दुसरं कोणी नव्हतं. मी पण काउंटरच्या बाहेर येऊन बाजूला बसलो आणि पाहू लागलो, आता त्यांच्या वावरात माझे पण पैसे होते.