चांगला चुकीचा पर्याय

शिक्षकांसाठी ऑनलाइन प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम तयार करायला बसलेल्या गटाची चर्चा बहुतेक वेळा व्हिडिओ किती, भाग किती आणि प्रमाणपत्र केव्हा या प्रश्नांपासून सुरू होते. अशा कामात काही काळ घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की सुरुवात एकाच प्रश्नापासून करावी: हे प्रशिक्षण पूर्ण केलेला शिक्षक वर्गात कोणता निर्णय आजच्यापेक्षा वेगळा घेईल? या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर पुढची सारी सामग्री कितीही देखणी झाली तरी ती माहितीपुस्तिकाच राहते.

‘परस्परसंवादी’ हे विशेषण अशा अभ्यासक्रमांना फार सैलपणे लावले जाते. ‘पुढे’ हे बटण दाबणे, चित्रावर टिचकी मारून त्यामागचा मजकूर उघडणे, शब्द ओढून चौकटीत टाकणे यांत हात हलतो, परंतु विचार हलतोच असे नाही. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये आंतरक्रियेचे तीन प्रकार मांडले: विद्यार्थी आणि आशय, विद्यार्थी आणि शिक्षक, विद्यार्थी आणि विद्यार्थी. आपल्या बहुतेक अभ्यासक्रमांत पहिलाच प्रकार असतो आणि तोही वरवरचा. अनुभवी शिक्षक, ज्यांनी आयुष्यभर इतरांसाठी प्रश्नपत्रिका काढल्या आहेत, असे प्रश्न पाहताक्षणी ओळखतात आणि मजकूर न वाचताही पूर्ण गुण मिळवतात.

खरी आंतरक्रिया कशी दिसते, हे एका उदाहरणावरून सांगतो. ०.४५ आणि ०.६ यांपैकी मोठी संख्या कोणती, असे विचारल्यावर विद्यार्थी ०.४५ असे उत्तर देतो, कारण त्याच्या लेखी ४५ हे ६ पेक्षा मोठे आहेत. पडद्यावर एवढाच प्रसंग दाखवून शिक्षकाला विचारायचे, की आता तुम्ही काय कराल? एक पर्याय असा, की ०.६ च्या पुढे शून्य लिहून ०.६० करायला सांगावे आणि मग तुलना करायला लावावी. दुसरा असा, की संख्यारेषेवर दोन्ही संख्यांची जागा दाखवायला सांगावी. तिसरा असा, की उत्तर चूक आहे हे न सांगता, ते कसे काढले हे आधी विचारावे.

पहिला पर्याय निवडणारे शिक्षक पुष्कळ असतात आणि त्यात नवल नाही, कारण ती युक्ती ताबडतोब लागू पडते. म्हणूनच या पर्यायाखाली ‘चूक’ असा लाल शिक्का मारण्यात मला काही अर्थ दिसत नाही. त्याऐवजी पुढच्या पडद्यावर त्या विद्यार्थ्याची पुढची उदाहरणे बरोबर आलेली दाखवावीत, शिक्षकाला समाधान वाटू द्यावे आणि मग आणखी काही पडद्यांनंतर त्याच विद्यार्थ्याला ०.३ आणि ०.४ यांच्यामधली एखादी संख्या विचारावी. तो म्हणतो, ‘मध्ये संख्याच नाही.’ शून्य लावण्याच्या युक्तीने ६० आणि ४५ या दोन पूर्ण संख्यांची तुलना झाली होती. दशांश आणि शतांश यांची समज होती तिथेच राहिली होती. हे वाक्य अभ्यासक्रमाने शिक्षकाला सांगण्याची गरज उरत नाही, कारण आपल्या निर्णयाचा परिणाम त्याने स्वतः पाहिलेला असतो.

असा प्रसंग लिहिताना सर्वांत कठीण भाग म्हणजे चांगला चुकीचा पर्याय. तो हास्यास्पद असला तर प्रश्न वाया जातो. तो सुज्ञ, थकलेल्या आणि अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत असलेल्या शिक्षकाला मनापासून पटेल असा हवा. शिक्षणशास्त्राचे अभ्यासक ली शुलमन यांनी १९८६ च्या सुमारास ज्या ज्ञानाकडे लक्ष वेधले, म्हणजे विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे ज्ञान यांच्या मेळातून तयार होणारे, त्या विशिष्ट विषयात मुले कुठे अडखळतात याचे ज्ञान, ते इथे लागते. ते तंत्रज्ञांकडे नसते आणि अनेकदा केवळ विषयतज्ज्ञांकडेही नसते. त्यामुळे मसुदा तयार होताच वर्गात रोज शिकवणाऱ्या चार-पाच शिक्षकांना तो मोठ्याने विचार करत सोडवायला सांगावा आणि आपण मध्ये न बोलता टिपणे घ्यावीत.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरील सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो सलग पाहण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांपलीकडे गेला नव्हता. तेव्हा तासाभराचे व्याख्यान चित्रित करण्यापेक्षा वर्गातील चार मिनिटांचा तुकडा दाखवून योग्य क्षणी थांबवणे आणि प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे. एचफाइव्हपीसारख्या मुक्त स्रोत साधनाने हे करता येते, त्यातच शाखा फुटणारे, म्हणजे निवडलेल्या पर्यायानुसार पुढचा पडदा बदलणारे, प्रसंगही बांधता येतात आणि ते मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याच्या प्रणालीत थेट बसतात.

तंत्राच्या बाजूची एक अडचण मात्र आधीच ओळखून ठेवावी, कारण ती शेवटी उघडकीस आली की सगळेच अडते. मूडलसारख्या अनेक अध्ययन व्यवस्थापन प्रणाली अजूनही अभ्यासक्रम आणि प्रणाली यांच्यातील देवाणघेवाण ठरवणाऱ्या, २००१ मधील स्कॉर्म १.२ या मानकावर चालतात आणि त्यात शिक्षकाची अर्धवट प्रगती साठवण्यासाठी फक्त ४०९६ वर्णांची जागा असते. शाखांच्या प्रसंगांत प्रत्येक निवड लक्षात ठेवावी लागते, ही जागा भरते आणि मग दुसऱ्या दिवशी परत आलेल्या शिक्षकाला पुन्हा पहिला पडदा दिसू शकतो. उपाय साधा आहे: अभ्यासक्रमाचे लहान, स्वतंत्र घटक करावेत.

मात्र पडद्यावरचा निर्णय आणि तीस-चाळीस मुलांसमोरचा निर्णय यांत अंतर राहतेच. म्हणून दोन घटकांच्या मध्ये आठवडाभराचे अंतर ठेवून वर्गात करून पाहण्याची छोटी कृती द्यावी आणि पुढचा घटक त्या कृतीच्या नोंदीवरच उघडावा. नोंदीत मुलांची नावे, चेहरे नसावेत. वहीतील एका उत्तराचे छायाचित्र आणि त्यावर शिक्षकाने काय विचारले याच्या चार ओळी पुरेत. या नोंदी दोन सहकाऱ्यांनी वाचून अभिप्राय देण्याची सोय मूडलच्या ‘वर्कशॉप’ या सुविधेत आहे. तिथे मार्गदर्शक निकषही द्यावे लागतात, नाहीतर शिक्षक एकमेकांना सौजन्याने ‘छान’ एवढेच लिहून मोकळे होतात. काही नोंदींना सुलभकाने, म्हणजे प्रशिक्षण चालवणाऱ्या मार्गदर्शकाने, स्वतः उत्तर द्यायला हवे. खर्च वाचवण्यासाठी बहुधा हीच तरतूद आधी कापली जाते, आणि माझ्या मते ती सर्वांत शेवटी कापावी.

पहिली तुकडी बाहेर पडल्यावर समाधानाच्या प्रश्नावलीपेक्षा पर्यायनिहाय आकडेवारी आधी पाहावी. जो चुकीचा पर्याय कोणीच निवडला नाही तो काढून टाकावा किंवा नव्याने लिहावा. जो जवळपास सर्वांनी निवडला, त्याच्या पुढच्या पडद्यांवर परिणाम पुरेसा स्पष्ट दिसतो का ते तपासावे. आणि शिक्षकांनी वर्गातून पाठवलेल्या नोंदींत जी मुलांची उत्तरे आपल्या एकाही प्रसंगात नव्हती, ती दुसऱ्या आवृत्तीच्या प्रसंगांसाठी बाजूला काढून ठेवावीत.