सोलापूर ते कुंथलगिरी : पायी वाटेवरची जैन वास्तू

आषाढात सारा सोलापूर जिल्हा पंढरीकडे चालत असतो, तेव्हा जैन मुनी चातुर्मासासाठी एका गावी स्थिरावलेले असतात. त्यामुळे आम्हा श्रावकांची, म्हणजे गृहस्थ जैनांची, कुंथलगिरीची पदयात्रा मार्गशीर्षात, थंडी पडल्यावर निघाली. तुळजापूरचा घाट चढून बालाघाटावर यायचे, धाराशिव आणि येरमाळा मागे टाकून पुढे भूम तालुक्यातील टेकडी गाठायची, अशी ही वाट. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा नियम असल्याने दुपारची चाल घाईचीच होई.

धाराशिवजवळच्या लेण्यांसाठी मात्र आम्ही मुद्दाम वेळ काढला. मधोमध खांबांचा प्रशस्त मंडप, भोवती साधूंच्या खोल्या आणि मागील भिंतीत गर्भगृह, हा विहाराचा आराखडा अजिंठ्याच्या वळणाचा आहे आणि म्हणूनच काही अभ्यासकांनी ही लेणी मुळात बौद्धांची मानली आहेत. आमच्याबरोबरचे एक निवृत्त ओव्हरसियर काका दर्शनी भागाची पडझड पाहून म्हणाले, "दगड एकजीव नाही हो, टिकणार कसा?" अकराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात या लेण्यांची कथा आहे. करकंड राजाला तेरापूरजवळच्या गुहेत पार्श्वनाथांची मूर्ती सापडते. सिंहासनावरची एक गाठ खुपते म्हणून तो ती फोडायला लावतो, तर आतून पाण्याचा लोंढा उसळून लेणे भरून जाते आणि राजाला नवे लेणे कोरवावे लागते. काकांचे ऐकल्यावर मला वाटले, पाझराच्या खडकाशी झुंजणाऱ्या पाथरवटांचा अनुभवच या कथेत उतरला असावा.

कुंथलगिरी हे सिद्धक्षेत्र, म्हणजे मोक्षस्थळ. कुलभूषण आणि देशभूषण हे दोघे मुनी येथून मोक्षाला गेले, असे परंपरा मानते. जैन रामकथेत त्यांच्यावरील उपसर्ग, म्हणजे तपात आलेले संकट, राम-लक्ष्मणांनी दूर केला असे येते. मोक्षस्थळांना वंदन करणाऱ्या प्राकृत निर्वाणकांडातही या गिरिशिखराला वंदन आहे. मात्र टेकडीवर पोचलेल्या माणसाला दिसतात ती पांढरी, रंगरंगोटी केलेली, बरीच अलीकडची मंदिरे. लेण्यांच्या काळ्या भिंती पाहून आलेल्या आमच्यातील काहींचा येथे हिरमोड झाला, पण तो रास्त नव्हता. या क्षेत्राचे मूळ पूज्य स्थान म्हणजे मुनींच्या चरणपादुका. भोवतीचे शिखर आणि सभामंडप पिढ्यान्‌पिढ्या जीर्णोद्धारात बदलत राहिले, आणि पादुकांची जागा तेवढी कायम राहिली. सिद्धक्षेत्राचे वय भिंतींवरून मोजताच येत नाही. धाराशिवला नेमके उलटे आहे, तेथे वास्तू प्राचीन आणि पूजेची वर्दळ तुरळक.

मंदिरासमोरचा मानस्तंभही नव्या धाटणीचा आहे, तरी त्यामागची कल्पना फार जुनी. तीर्थंकरांच्या समवसरण या उपदेशसभेच्या प्रवेशापाशी असे स्तंभ असतात आणि ते पाहताच येणाऱ्याचा अहंकार गळतो, असे वर्णन ‘तिलोयपण्णत्ती’त आहे. हा प्राकृत ग्रंथ १९४३ पासून आमच्या सोलापूरच्याच जीवराज जैन ग्रंथमालेने छापला, याचा मला अभिमान वाटतो, आणि मानस्तंभासमोर उभे राहून तो वाटावा हे जरा गमतीचेच आहे.

टेकडीवर सर्वांत जास्त वेळ आम्ही थांबलो ते दिगंबर जैन आचार्य शांतिसागर महाराजांच्या स्मृतिस्थानी. दृष्टी मंदावत गेल्याने चालताना पायाखालचा जीव दिसेनासा झाला, तेव्हा अहिंसाव्रत सांभाळणे कठीण होईल म्हणून त्यांनी ऑगस्ट १९५५ मध्ये येथे सल्लेखना, म्हणजे आमरण उपवासाचे व्रत, घेतली आणि १८ सप्टेंबरला देह ठेवला. मुनींची ईर्यासमिती, म्हणजे चार हात पुढची जमीन न्याहाळत चालण्याचा नियम, मी लहानपणापासून पाठशाळेत ऐकत आलो होतो. बालाघाटाच्या खडबडीत वाटेवर आम्ही पायांत बूट घालून ठेचकाळत चाललो असताना, अनवाणी आणि एकेका मुंगीचा विचार करत पायी विहार करणे कसे असेल, याचा थोडा अंदाज तेथे आला. परतीचा प्रवास आम्ही एसटीने केला.