ठाण्याहून वाशीला, अणूच्या गप्पा मारत

रविवारी भाची आणि तिच्या कॉलेजच्या मैत्रिणींना घेऊन वाशीला जाऊन आले. पोरी अकरावी सायन्सच्या, फिशन (अणूचं केंद्रक फुटणं) वगैरे शिकलेल्या, पण अणू म्हटलं की पहिला बॉम्बच आठवतो त्यांना, आणि मला हे खरंच लागतं, कारण ज्या खाडीकाठी या वाढल्या त्याच खाडीच्या काठी ट्रॉम्बेला 4 ऑगस्ट 1956 ला अप्सरा, आपली पहिली अणुभट्टी, सुरू झाली.

ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकल पकडली, खिडकी मिळाली. तुर्भे आलं तसा मसाला मार्केटचा विषय निघाला. वाशीत ब्रिटचा, म्हणजे अणुऊर्जा खात्याच्या एका संस्थेचा, प्लांट आहे, तिथे 2000 सालापासून मसाल्यांवर कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूचे गॅमा किरण सोडून जंतू मारतात. अमेरिकेत जाणाऱ्या हापूसलाही हीच ट्रीटमेंट लागते. "मावशी, मग मसाल्यात रेडिएशन राहतं का गं?" लगेच प्रश्न. अगं, छातीचा एक्स-रे काढला म्हणून तू घरी जाऊन किरण सोडतेस का? किरण आरपार जातात, जंतूंचा डीएनए तुटतो, मसाला मसालाच राहतो. हे ऐकून पोरी जरा सैल झाल्या.

वाशीला उतरून रिक्षाने सागर विहारला गेलो. समोर खाडी, लांबवर ट्रॉम्बेचा डोंगर. कट्ट्यावर वडापाव खात तारापूरवर आलो. 1969 पासून चालू, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, आणि 2014 ला पालघर वेगळा होईपर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, हे एकीलाही माहीत नव्हतं! तिथल्या पहिल्या दोन युनिटमध्ये युरेनियमच्या उष्णतेने भट्टीतच पाणी उकळतं आणि तीच वाफ टर्बाइन फिरवते. कोळशाच्या केंद्रातही वाफच असते, फरक आग कशाची एवढाच.

मग एकीने हळूच विचारलं, जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातल्या अपघाताचं काय? मला हाच प्रश्न हवा होता, कारण तो टाळून नुसतं गुणगान करणं मला पटत नाही. 11 मार्च 2011 ला भूकंप झाला तेव्हा चालू असलेल्या भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या, इथपर्यंत सगळं नीट. पण फिशन थांबलं तरी आत तयार झालेले किरणोत्सारी तुकडे उष्णता देतच राहतात, त्यासाठी पाणी फिरवत ठेवावं लागतं, आणि पंपांना वीज द्यायचे डिझेल जनरेटर त्सुनामीने बुडवले. पाणी थांबलं, इंधन वितळलं. आता पोरींचे प्रश्नच बदलले. तारापूर पण समुद्रकाठीच ना, तिथे जनरेटर किती उंचीवर आहेत? कचरा कुठे जातो? (जास्त किरणोत्सारी कचरा काचेत वितळवून घट्ट करतात, तारापूरलाच त्याचा प्लांट आहे.) जैतापूरला, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या नियोजित अणुवीज केंद्राला, लोक विरोध का करतात? भीती वाटू नये असं मी म्हणतच नाही, पण नेमकी कशाची वाटते ते सांगता आलं पाहिजे, आणि तिथल्या मच्छीमारांचे प्रश्नही तेवढ्याच नीट ऐकले पाहिजेत.

वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये अणुऊर्जेचं दालन आहे, आता तिकडे जायचं ठरलंय. प्रश्नांची यादी पोरींनी परतीच्या लोकलमध्येच मोबाईलवर लिहायला घेतली, जनरेटरचा प्रश्न सगळ्यात वर.